गालावरचे वण

शहीद जवानाचा पुतळा ओतण्याआधी घरच्यांना मातीत दाखवायचा, हा त्या शिल्पकाराचा नेम. आमच्या पेडण्यातल्या स्मारक समितीची चिटणीस म्हणून मी जवानाच्या आईला घेऊन गेले. तिचा हात पुतळ्याच्या खांद्यापर्यंतही पोचेना.

"माझो झील इतको उंच नव्हतो," ती म्हणाली.

"आये, चौकात उभो करतत, त्येका मोठो करूचो लागता," शिल्पकार म्हणाला.

त्याने आपले स्टूल पुढे सरकवले. तिने वर चढून मुलाचा गाल कुरवाळला. ओल्या मातीत बोटे उमटली. मी ती पुसायला फडके उचलले, तर त्याने ते माझ्या हातातून काढून घेतले.

अनावरणापूर्वीच ती वारली. अनावरणाच्या दिवशी आमच्या अध्यक्षांनी गालावरचे वण दाखवत शिल्पकाराला विचारले, "ओतकाम फसला मरे?"

"होय," तो म्हणाला.