दोन डाव्या बाह्या

कारखान्यात येऊन आठवडा झाला, तरी सगळ्या तिला 'नवी वहिनी' म्हणत. मालवाहू गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याची कंबर दुखावली, त्याला अंथरूण धरावं लागलं, आणि घरात बसून शेजारपाजारचे अभ्रे शिवणारी वहिनी डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायला या लांबलचक खोलीत येऊन बसली.

घरचं मशीन दोन्ही पायांनी हाकायचं. ते तिच्या तालात चालायचं, दमली की तेही दमायचं. इथलं मशीन विजेचं. पाय नुसता टेकवला की सुसाट सुटायचं आणि कापड ओढून न्यायचं. "देवा, आज तरी सांभाळ," असं मनात म्हणून ती रोज सकाळी सुई ओवायची, आणि दुपारपर्यंत पुढ्यात उसवायच्या कोटांचा ढीग लागायचा.

कापड बेतणारे मास्तर तसे वाईट नव्हते. ते एवढंच म्हणाले होते, "शनिवारपर्यंत बघू, वहिनी. नाहीच जमलं तर दुसरी बाई बघावी लागेल."

शुक्रवारी तिने कहर केला. बाहीला पुढच्या बाजूला एक खाच असते, मागच्या बाजूला दोन. ती बघून बाही लावायची, हे तिला झोपेतही पाठ होतं. पण मशीनच्या धाकाने तिने खाचा बघितल्याच नाहीत आणि एका कोटाला दोन्हीकडे डाव्याच बाह्या लावून मोकळी झाली.

शेजारच्या मशीनवरच्या जाड्या बाईने तो कोट उचलून सगळ्यांना दाखवला. "अगं बघा गं! हा कोट घालून डॉक्टर निघाले तर दोन्ही हात डावीकडच्याच पेशंटच्या मागे लागतील!"

खोलीभर हशा पिकला. मास्तर हसले नाहीत, त्याचंच वहिनीला जास्त लागलं. तिने खाली मान घालून उजवीकडची बाही उसवली. जेवणाची सुट्टी झाली तसा तिने डबा न उघडताच पिशवीत टाकला. शनिवारची वाट तरी कशाला बघायची? घरी जाऊन सांगून टाकायचं, नाही झेपलं. पण नवऱ्याचं औषध, घरभाडं? तिचे पाय दाराशी घुटमळले.

दाराजवळच इस्त्रीचं टेबल. तिथल्या आत्यांच्या तोंडाला सगळे टरकून असत. त्यांनी कुणाला चांगलं म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"पिशवी घेऊन कुठे निघालात?"

"घरी. मला नाही जमत हे, आत्या."

"जमत नाही हे कुणी ठरवलं? त्या जाडीने? तिची कॉलर सरळ करता करता माझा खांदा निघतो." आत्यांनी तो उसवलेला कोट ओढून उजेडात धरला. "हे बघा. अख्खी बाही उसवलीत, पण कापडाला कुठे ओरखडा नाही. आणि तुमची कॉलर मला कधी ओढावी लागत नाही, इस्त्री फिरवली की झालं. हात चांगला आहे तुमचा, वहिनी. पाय तेवढा भित्रा आहे. चपला काढून बसून बघा."

एवढं बोलून त्या पुन्हा इस्त्रीकडे वळल्या, जणू काही बोलल्याच नाहीत.

वहिनीचे डोळे भरून आले. देव माणसाच्या तोंडून बोलतो हे तिने ऐकलं होतं, पण त्याने इतकं तिखट तोंड निवडावं याचं तिला हसूही आलं. ती परत फिरली. भिंतीशी बसून डबा खाल्ला, चपला बाकाखाली सारल्या आणि अनवाणी पाय मशीनच्या पायपट्टीवर ठेवला. आता पट्टी किती दबते ते तळव्याला कळत होतं. मशीन गुरगुरलं, पण सुटलं नाही. तिने आधी खाच बघितली, मग टीप मारली. त्या संध्याकाळी एक बाही चुण्या पडून उसवावी लागली, नाही असं नाही. बाकीच्या नीट बसल्या.

शनिवारी मास्तर कोट उलटेपालटे करत तिच्याजवळ उभे राहिले. तिने मशीन थांबवलं.

"बाह्यांना अजून वेळ लागतोय तुम्हाला."

"हो, मास्तर."

"आत्या काल माझ्याशी भांडल्या तुमच्या कॉलरवरून. मी बघितल्या, खरंच सुबक आहेत. सोमवारपासून कॉलरला बसा. बाह्या हळूहळू शिकाल."

वहिनी उठली ती तडक इस्त्रीच्या टेबलाशी. "आत्या, तुम्ही माझ्यासाठी मास्तरांशी..."

"तुमच्यासाठी कशाला? माझ्या खांद्यासाठी!" आत्या फणकारल्या. "आता रडून कोट भिजवू नका. पांढरे आहेत, डाग दिसतो. तेवढी घडी घाला बघू."

वहिनीने डोळे पुसले आणि कोटाची घडी घालायला घेतली.