दुसऱ्याचं टपाल

किहीमपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर आमच्या आतोबांनी बसून चहा प्यायलाय असं एकही घर सापडणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रेवदंड्यात पोस्टमन म्हणून त्यांनी उभी हयात सायकलवर काढली, आणि निवृत्त झाल्यावर तरी हा गृहस्थ ओटीवर पाय पसरून बसेल अशी आत्याची भाबडी समजूत होती. पण कुठेही गेले की पुढे केलेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते उभेच राहायचे, चहा तोंड पोळेल इतका गरम असतानाच संपवायचे आणि यजमानाला विचारायचे, "तुमच्या कार्डाचा पिन घरात कुणाकुणाला ठाऊक आहे?" यजमान चपापायचा. तो उत्तर शोधतोय तोवर आतोबांची सायकल पुढच्या घराशी पोचलेली असायची. एका लग्नात आहेराचं पाकीट देताना त्यांनी नवऱ्या मुलाच्या कानात "सुखाचा संसार करा, अनोळखी लिंक उघडू नका," असा आशीर्वाद दिला. एका दहाव्याला तर पिंडाला कावळा शिवायच्या आत त्यांनी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "गेलेल्यांचं सिमकार्ड कुणाच्या ताब्यात आहे?" तो मुलगा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मग मात्र स्वतः घरी येऊन, सिम बंद केलं म्हणून सांगून गेला.

आत्या म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी आहे." मला ती भिंगरी कुणी लावली ते ठाऊक आहे, आणि गंमत बाजूला ठेवून तेवढं सांगायलाच हवं. आतोबा ज्या काळात पोस्टमन होते तेव्हा कोळीवाड्यात पत्र नुसतं देऊन भागत नसे, ते वाचूनही दाखवावं लागे. आतोबांचा आवाज खणखणीत. मुंबईच्या मुलाची खुशाली, माहेरची भांडणं, नातू झाल्याची बातमी, सगळं ते दारात उभं राहून वाचत आणि वाचून झालं की विसरून जात. निदान तसं दाखवत तरी. कुणाच्या पत्रातला एक शब्द त्यांनी दुसऱ्या दारात नेला नाही. "टपाल दुसऱ्याचं असतं," एवढंच म्हणायचे.

तर तीनएक वर्षांपूर्वी एके सकाळी ते हिराबाईच्या अंगणात उभे होते. हिराबाई कोळीण त्यांच्या वयाची, दर नारळी पौर्णिमेला त्यांना राखी बांधणारी. तिचे दोन्ही हात बोंबील साफ करण्यात गुंतलेले, आणि फोन उपड्या टोपलीवर स्पीकर लावून ठेवलेला. पलीकडून कुणी गोड आवाजाचा माणूस बँकेतून बोलतोय म्हणत होता. कार्डाचा नंबर वगैरे आतोबा यायच्या आधीच त्याला देऊन झाला होता. तेवढ्यात मेसेज आला. हिराबाई म्हणाली, "दादा, माझं हात वले हायत. काय आलंय ते वाच रं जरा." आतोबांनी चष्मा लावला आणि आयुष्यभराच्या सवयीने ते सहा आकडे सावकाश, स्पष्ट वाचले. वर दुसऱ्यांदाही वाचले, कारण पत्र नेहमी दोनदा वाचायचं असतं. पलीकडचा म्हणाला, "थँक्यू काका." नव्या जाळ्यासाठी हिराबाईने साठवलेलं सगळं त्या दोन वाचनांत गेलं.

ती त्यांना एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच त्यांना सोसलं नाही. तिच्या तक्रारीचे कागद घेऊन ते अलिबागला इतक्या खेपा घालत राहिले की तिचा फोन नंबर त्यांना तोंडपाठ झाला. पैसे आले नाहीत. मग त्यांनी सायकल काढली ती टेकवायचं नाव घेईनात. पुन्हा असं कुणाच्या दारात होऊ द्यायचं नाही, आणि हिराबाईच्या तर नाहीच, एवढा एकच ध्यास.

सुरुवातीला लोक हसायचे. बंदरावर त्यांनी बायकांना गोळा केलं तेव्हा एकजण म्हणाली, "आमचा पिन कुनाला कवा कळायचा न्हाय, तू जा घरी." आतोबा धक्क्याच्या टोकाशी गेले आणि नांगरलेल्या एकेका होडीकडे बोट दाखवून, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे पत्र वाचायच्या आवाजात वाचू लागले. पहिल्या होडीला एक बाई "अगो बाय!" करून किंचाळली. दुसऱ्या होडीला दोघी. पाचव्या होडीपर्यंत बायका "दादा, गप ऱ्हा, गप ऱ्हा!" म्हणून त्यांच्या मागे धावत होत्या. कोळीवाड्यात विसरायला नको म्हणून प्रत्येक घराने आपल्या होडीचाच नंबर पिन ठेवला होता, आणि तो दर्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा इतका ठळक रंगवला होता. त्या दुपारी एटीएमसमोर पिन बदलायला जी रांग लागली तशी रांग मी तिथे पुन्हा पाहिली नाही.

पुढचं पाऊल म्हणून त्यांनी घरोघर एक प्रश्न ठरवून घ्यायला लावला. आपल्याच माणसाच्या आवाजात कुणी फोनवर पैसे मागितले तर विचारायचा, खऱ्या माणसालाच उत्तर येईल असा. आत्याला हे जमेना, म्हणून तिला अनोळखी नंबर उचलायचाच नाही अशी ताकीद दिली.

गेल्या हिवाळ्यात हे सगळं त्यांच्याच अंगावर आलं. मी हिराबाईकडे सुके बोंबील घ्यायला गेलो होतो. अनोळखी नंबरावरून फोन आला. तिने टोपलीवरच स्पीकर लावला. "हिराबाई, मी बोलतोय. हरिहरेश्वराला आलो होतो, प्रदक्षिणेच्या खडकांवर पाय घसरला. फोन पाण्यात गेला. पाऊल सुजलंय, उभं राहवत नाही. ही उचलत नाही. या नंबरावर पैसे पाठव, दवाखान्यात भरायचेत." मी ताडकन उठलो. "अहो, आतोबाच आहेत! आवाज त्यांचाच आहे!"

"आवाज कुनी पन काढतो," हिराबाई म्हणाली. "दादानंच शिकवलंय." मग फोनकडे वळून, "खरा हायस तर सांग. माझं लगीन झाल्यावर माहेरचं पयलं पत्र आलं, त्ये तू वाचलंस. काय लिवलं व्हतं?"

पलीकडून आधी एक कण्हणं आलं आणि मग "शाब्बास! अस्सं विचारायचं!"   मग लाटांच्या गाजेतून आतोबा हळू आवाजात म्हणाले, "ते मी नाही सांगणार. इथे चार परकी माणसं उभी आहेत. दुसऱ्याचं टपाल आहे ते. पैसे नको पाठवूस, चालेल."

हिराबाईने पदराला हात पुसले. तिचे डोळे भरले होते. "ह्योच हाय," ती मला म्हणाली. "चोरानं कायतरी बनवून सांगितलं असतं. जा, गाडी काढ."

पाऊल बरं झालं, पण सायकल सुटली. आता आतोबा खरोखरच ओटीवर बसलेले असतात, आणि मला ते बघवत नाही. येणारे-जाणारे थांबतात, बोलतात. मेसेजचा आवाज झाला की जो तो फोन पालथा करतो. आतोबा कौतुकाने मान डोलावतात, चष्मा काढतात आणि पुसून परत खिशात ठेवतात. ज्याने साऱ्या गावाला वाचून दाखवलं, त्याला आता कुणी काही वाचायला देत नाही. शिकवण तंतोतंत पाळली गेली, आणि चष्म्याला काम उरलं नाही.

परवा मी तिथे असताना हिराबाई आली. तिने कमरेच्या पिशवीतून एक पिवळा, घड्यांवर विरलेला कागद काढला. तिला आता मोबाईलवरचं थोडंफार वाचता येतं, पण माहेरच्या त्या पहिल्या पत्रातलं हातचं अक्षर लागत नाही. एवढी वर्षं तिने तो जपला होता. मला म्हणाली, "तू जरा आत जा." मग कागद आतोबांच्या हातात दिला.

"वाच, दादा. यात नंबर न्हाय."

मी आत गेलो. आतोबांचा आवाज अजून खणखणीत आहे, भिंतीतून सहज ऐकू येतो. त्या दिवशी मात्र मला एक शब्द ऐकू आला नाही. ते दोन्ही वेळा हळूच वाचत होते.