बिलकुल शांत

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या शीतगोदामात वाजत राहिलेला भोंगा दुरुस्त करायला तो कारागीर एकदाच आल्ता. नाव मी विचारलं नाही, आजही विचारणार नाही. पॅन्टची इस्त्री मोडेल म्हणून हा गृहस्थ खाली वाकतसुद्धा नव्हता. आतल्या सेन्सरला पंधरा अंशांच्या वर गरमी लागली की भोंगा वाजायचा, आणि दुपारपासून तो वाजतच होता, कारण दाराचं रबर खालून फाटलं होतं. मी ते बोटानं दाखवलं. त्यानं तिकडं बघितलंही नाही. भिंतीवरच्या कंट्रोलची दोन बटणं दाबून त्यानं पंधराचे चाळीस केले. भोंगा थांबला.

"बघा साहेब, आता बिलकुल शांत."

"अहो, पण आतल्या गरमीचं काय?"

"ती कुठं वाजून राह्यली?"

असा हा कारागीर! आणि मीही, कान मोकळे झाले म्हणून, 'काम समाधानकारक' लिहून सही ठोकली.

पुढं उगवण तपासायला त्याच गोदामातलं कांद्याचं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं. बारा दिवसांनी कागद उलगडला. बी बिलकुल शांत होतं.