रुखवतातला बिनडोक्याचा मामा

संयोगिता इंगवले यांच्या घरात कागदाला मरण नव्हते. त्याला होता तो फक्त पुनर्जन्म. लग्नपत्रिका आली, लग्न लागले, नव्या जोडप्याचे पहिले भांडणही होऊन गेले, की ती पत्रिका बादलीत भिजायला पडे. तत्पूर्वी तिच्यावरचा गणपती कात्रीने अलगद सोडवला जाई. कारण देवाला पाण्यात सोडायचे ते अनंत चतुर्दशीलाच, अशी बाईंची श्रद्धा. मग निमंत्रक, व्यवस्थापक, आणि कोणाचे नाव वर, कोणाचे खाली यावरून छापखान्याच्या दारात हमरीतुमरीवर आलेले चुलते, असे सगळे एका पाण्यात भिजत, एका मिक्सरमध्ये फिरत आणि एका लगद्यात मिसळत. संतांनी जन्मभर कंठशोष करून जो समभाव माणसांत आला नाही, तो बाईंनी माळ्यावरच्या जुन्या मिक्सरने आणला होता.

त्या लगद्यात गुऱ्हाळावरून आणलेले उसाचे चिपाड शिजवून घालायचे, अंबाबाईला वाहिलेल्या हारांतल्या झेंडूच्या पाकळ्या पेरायच्या, मच्छरदाणी ताणून ठोकलेल्या चौकटीवर तो पसरायचा आणि गच्चीवर वाळवायचा. कागद निघे तो जाड, खरबरीत, हळदीच्या अंगाचा. त्याची पुस्तके शिवून बाई त्यांत घराण्याच्या आठवणी चिकटवीत. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ, लेकीच्या पहिल्या वहीचे वेष्टन, विरलेली राखी, आणि अर्थात फोटो. चिकटवायला मैद्याची खळ, आणि तिला वाळवी-कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. शेजारणी म्हणत, "संयोगिताताई, येवढा कचरा कशाला साठवताय?" बाई हसून म्हणत, "कचरा साठवला म्हणून तर घर ऱ्हायलंय की."

आता लेकीचे, वर्षाराणीचे, लग्न ठरले होते. मुलगा वारणानगरचा. हल्ली रुखवत बाजारात तयार मिळते. प्लास्टिकची तुळस, थर्माकोलचा राजवाडा, सगळे तासाच्या बोलीवर भाड्याने. आईची माया भाड्याने मिळते, हा केवढा सोयीचा काळ! परंतु बाई जुन्या वळणाच्या. त्यांनी ठरवले, रुखवताच्या टेबलावर मधोमध आपल्या हातचे पुस्तक ठेवायचे. पाळण्यापासून हळदीपर्यंतची वर्षाराणी.

यजमान बाळासो इंगवले यांनी परवानगी दिली. उदार मनाने दिली. अट एकच घातली.

"त्याचं तोंड त्यात दिसता कामा न्हाय."

'तो' म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ उदयसिंह. वर्षाराणीचा एकुलता एक मामा. त्याचा अपराध ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. त्याने गोल केला होता.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे समजायचे नाही. इथे माणूस धर्म बदलेल, पक्ष तर न्याहारीपूर्वी बदलेल, पण पेठेची तालीम, म्हणजे तिचा फुटबॉलचा संघ, बदलणार नाही. उदयसिंह मूळचा तळ्याकाठच्या तालमीचा. बहीण इंगवल्यांच्या घरी दिली, आणि पुढे भाची झाल्यावर दाजींच्या शब्दाखातर तो एक हंगाम इंगवल्यांच्या तालमीकडून खेळला. पुढच्या हंगामात आपल्या जुन्या तालमीत परतला, आणि अंतिम सामन्यात दाजींच्याच तालमीवर गोल केला. एवढ्यावर भागते तरी निभावले असते. पण गोल केल्यावर हा गडी थेट धावत सुटला, रेषेबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या बाळासोंपाशी आला आणि भर मैदानात वाकून त्यांच्या पाया पडला.

अख्खे स्टेडियम हसले. "दाजी, आशीर्वाद द्या की!" अशी आरोळी उठली, आणि पुढे कित्येक महिने बाळासो भाजी आणायला गेले तरी मिरच्यांच्या ढिगाऱ्यामागून तीच आरोळी येई.

बाळासो त्या दिवशी घरी आले आणि त्यांनी कात्री मागितली. उद्यमनगरात लेथ मशीनवर हयात गेलेली. हातात असा सफाईदारपणा, की कापलेला गोल परकाराने काढल्यासारखा. घरातल्या एकूण एक फोटोंतून त्यांनी मेहुण्याचे मुंडके तेवढे उडवले. धडे ठेवली, कारण धडांच्या मांडीवर त्यांची स्वतःची लेक बसली होती! जोतिबावर जावळ काढले ते मामाच्या मांडीवर. कान टोचले ते मामाच्या मांडीवर. मामा कापावा तर लेक कापली जाते, असा हा पेच. शंकराने रागाच्या भरात पोराचे शीर उडवले, परंतु निदान हत्तीचे आणून बसवले तरी. बाळासोंनी तेवढीही तसदी घेतली नाही.

त्या दिवसापासून मामाचे नाव घरात निघाले नाही. बहीण-भाऊ भेटत ते कुणाच्या बारशाला, कुणाच्या दिवसाला, मांडवाच्या कडेला, अर्ध्या वाक्यापुरते. आणि आता तर लग्न. अंतरपाट धरला जाईल, मंगलाष्टके सुरू होतील, तेव्हा नवरीच्या पाठीशी मामा उभा हवा. बाईंच्या मनात रात्रंदिन एवढे एकच होते. बाकी सारे जमले काय आणि राहिले काय.

बाळासोंनी त्याचीही व्यवस्था केली होती. "गगनबावड्याचा केरबा हाय की. तुझा चुलतभाऊच त्यो. हुबा ऱ्हाईल."

"त्यानं वर्षाला कधी बघितलंय तरी का?"

"बघंल की त्या दिवशी. पाठीमागं तर हुबं ऱ्हायाचंय."

खेळाडू जायबंदी झाला तर बदली उतरवतात, तसा हा बदली मामा. बाई कागदाची चौकट उचलून गच्चीवर गेल्या. वाद घालणारी बायको परवडते. मुकाट्याने आज्ञा पाळणारी फार महागात पडते, हे बाळासोंना इतक्या संसारातही उमगले नव्हते.

बाईंनी अट तंतोतंत पाळली. भावाचे तोंड कुठेही दिसू दिले नाही. फोटो जसे होते तसे, भोकांसकट, नव्या कागदावर चिकटवले. फोटोला जिथे भोक, तिथे मागचा झेंडूचा कागद डोकावू लागला. त्यामुळे झाले काय, की गुलालात न्हालेल्या डोंगरावर जावळाला पोर भोकाड पसरून बसली आहे, आणि ज्याच्या मांडीवर बसली त्या देहाच्या मानेवर पिवळेधमक तेजोवलय! दुसऱ्या पानावर कान टोचणाऱ्या सोनाराशेजारी तेच वलय. आणि बाईंच्या स्वतःच्या लग्नात, कानपिळीच्या वेळी, एक बिनडोक्याचा पुरुष नवरदेव बाळासोंचा कान कचकचीत पिळतो आहे. प्रत्येक फोटोखाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरांत मजकूर: 'मामाच्या मांडीवर.' 'मामाने कान पिळला.'

बाळासोंनी पुस्तक चाळले. तोंड कुठे दिसते का एवढेच त्यांनी पाहिले, आणि ते प्रसन्न झाले.

मग वारणानगरचे व्याही आले. गणपतराव आणि त्यांच्या पत्नी धोंडुबाई. मानपानाची बोलणी झाली, पोहे झाले, आणि बाईंनी विहीणबाईंच्या मांडीवर ते पुस्तक ठेवले. धोंडुबाईंनी पाने उलटली. हरखल्या. कागदावरून हात फिरवून म्हणाल्या, "काय सुरेख केलंय वो!" पुढचे पान उलटले आणि त्या थबकल्या. आणखी एक उलटले. नवऱ्याला कोपराने ढोसले.

गणपतराव मोकळ्या तोंडाचा माणूस. "पावणं," त्यांनी विचारले, "ह्या फोटूला काय झालंय म्हणायचं?"

"कसर लागली," बाळासो म्हणाले. "जुनं फोटो. लागतीच."

"लागती की. आमच्याकडंबी लागती. पण ती कोपऱ्यापास्नं खाती. तुमची कसर लईच शिकल्याली दिसती. एकाच माणसाचं डोस्कं, तेबी गोल!"

वर्षाराणीने पदर तोंडाला लावला. लाजून, असे पाहुण्यांना वाटले. परंतु धोंडुबाईंच्या मनात निराळेच उभे राहिले होते. त्यांनी नवऱ्याला पुन्हा ढोसले. "अवो, गप बसा जरा. एवढं बी कळंना तुम्हाला? माणूस गेलं की कुणाकुणाला तोंड बघवत न्हाय फोटूतलं. पोरीवर जीव असंल मामाचा." आणि त्या माउलीने खरोखर डोळे टिपले, आणि त्या पिवळ्या वर्तुळाला दोन्ही हात जोडले. "तुमी काय बी काळजी करू नगा. मांडवात मामांचा फोटू ठिवू. हार घालू. पोरगी त्यास्नी नमस्कार करूनच बोहल्यावर चढंल."

बाई खाली मान घालून पोह्यांच्या रिकाम्या बशा एकात एक रचीत राहिल्या. इतक्या सावकाश, की जणू त्या स्टीलच्या नसून काचेच्या होत्या. 

बाळासोंचा चेहरा पाहण्याजोगा झाला. वैर ते वैर. पण लग्नघरात जिवंत माणसाला हार? मेहुण्याचे डोके उडवणे ही घरातली गोष्ट होती. त्याचे श्राद्ध घालायला व्याही निघतात, हे भलतेच.

"जित्ता हाय त्यो!" ते ओरडले. "धडधाकट हाय! रंकाळ्यावर रोज सकाळी पळतोय!"

धोंडुबाईंचे जोडलेले हात हवेतच राहिले.

"आँ?" गणपतराव म्हणाले. "मग अंतरपाटाच्या येळला कोण तो केरबा का कोण म्हणत हुता?"

बाळासो सतरंजीची कड सरळ करू लागले.

"जित्ता मामा असताना दुसरा हुबा करायचा, ही कुठली रीत म्हणायची पावणं? बोलवा की."

"बोलवतो," बाळासो म्हणाले. व्याह्यापुढे दिलेला शब्द! तो तालमीला दिलेल्या शब्दाच्याही वरचा.

पाहुणे गेल्यावर बाळासोंनी दार लावले. मग देव्हाऱ्याखालच्या फळीवरून एक पत्र्याची डबी काढली आणि बायकोपुढे ठेवली. झाकण उघडले, तर आत उदयसिंहाची मुंडकी. एकूण एक.

"टाकली न्हाईसा?" बाईंनी विचारले.

"टाकायची कशी? कपाळाला गंध हाय. केरात कुणाचा पाय लागला म्हंजे? नदीत सोडणार हुतो." डबीचे झाकण पुसत ते म्हणाले, "सवड झाली न्हाय."

पंचगंगा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पावसाळ्यात तर ती स्वतःच अर्ध्या वाटेवर भेटायला येते. पण द्वेष करणाऱ्या माणसाला सवड मिळेल तर शपथ.

बाईंनी डबी जमिनीवर पालथी केली. कुठे मिशा, कुठे मिशा नाहीत. कुठे फेटा, कुठे भांग. त्यांनी एक मुंडके उचलले, दुसरे उचलले, आणि निःश्वास सोडला. "ह्यातलं कुठलं कुठं बसायचं, मला तर काय उमजंना बाई. ज्याचं त्यालाच ठावं."

कागदाचा तुकडा नुसता चाचपून तो कुठल्या सालच्या दिनदर्शिकेचा हे सांगणारी ही बाई. हिला पाठच्या भावाच्या मिशा ओळखू येईनात! भगवंता, तुझी लीला अगाध.

बाळासोंनी स्कूटर काढली. तळ्याकाठच्या पेठेत शिरताना त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली. दार उदयसिंहानेच उघडले. पोट सुटलेले, डोक्यावर केस बेताचे.

"दाजी? तुमी?"

"पत्रिका द्यायला आलोय. आन... डोकी जुळवायला चल."

"कुणाची?"

"तुझीच की रं!"

उदयसिंहाने चपला घातल्या. पूर्ण वाटभर दोघे एका स्कूटरवर, मध्ये पत्रिकांची पिशवी. सिग्नलला एकाने हाक मारली, "दाजी, आशीर्वाद द्या की!" आणि बाळासोंनी सिग्नल सुटायच्या आत स्कूटर सोडली.

भाऊ उंबऱ्यात दिसला, तेव्हा बाईंच्या हातात खळीचा चमचा होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही. "ये," एवढेच म्हणाल्या, "खळ निवायच्या आत बस," आणि खळ ढवळत राहिल्या, जरी पातेले कधीच चुलीवरून उतरले होते.

तो मांडी घालून बसला. एकेक मुंडके उचलू लागला. "हे जावळाचं, ताई. कानात गुलाल गेलाय बघ... हे कान टोचताना. पोरगी मला चावली हुती... हे तुझ्या लग्नातलं. दाजींचा कान लई कडक हुता." बाई खळ लावीत, तो डोके बसवी, वर्षाराणी बोटाने दाबून धरी. बाळासो पाठ फिरवून वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटत नव्हते.

"ऑफसाइड हुता," ते एकाएकी म्हणाले.

उदयसिंहाचा हात थांबला. "काय?"

"त्यो गोल. सरळसरळ ऑफसाइड."

"दाजी, तुमच्या तालमीचा ढाण्या बचावपटू बुटाची नाडी बांधत माझ्या फुडं, गोलापाशी वाकला हुता!"

"बरं, हुता! पण पाया पडायची काय गरज हुती? भर मैदानात? जगाला हसवायला?"

"हसवायला?" उदयसिंह खरोखर गोंधळला. "आई सांगून गेल्याली, काय बी चांगलं झालं की पयलं दाजींच्या पाया पडायचं. माझा फायनलचा पयला गोल, दाजी. तुमी समोर दिसलासा. पडलो."

बाळासोंनी वर्तमानपत्र खाली केले. मेहुण्याकडे पाहिले. आईची शिकवण पाळल्याबद्दल एका माणसाचे इतक्या वेळा शीर कापले गेले होते.

"गोल आमच्यावर," ते शेवटी पुटपुटले, "आन पाया बी आमच्याच. काय माणूस म्हणायचं हे!" आणि उठून त्यांनी कानपिळीच्या फोटोचे मुंडके बायकोच्या हातून घेतले आणि स्वतः चिकटवले. मिलिमीटरचा हिशेब जाणणाऱ्या त्या हाताने ते तिरके बसवले. बाईंनी ते सरळ केले नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर लागले. केरबाला जेवणाच्या पंगतीची देखरेख देण्यात आली, आणि तो त्यात अधिक सुखी दिसला. अंतरपाट धरला गेला, आणि वर्षाराणीच्या पाठीशी, फेटा बांधून, डोळे पुसत, तिचा मामा उभा राहिला. बाई समोर होत्या. हातातल्या अक्षता टाकायचे त्या विसरल्या.

बाळासो मात्र अगदी पुढे, मधोमध. वधूपित्याच्या थाटात.

"अवो पावणं," फोटोग्राफर ओरडला, "जरा बाजूला सरकता काय? मामांचं डोकं दिसंना."

सारा मांडव पाहत होता. बाळासोंनी फोटोग्राफरकडे पाहिले, मेहुण्याकडे पाहिले, आणि ते सरकले.