तुमसर रोडवर झुरिकची रंगीत तालीम

आमच्या घरातला एकच माणूस आजवर युरोपात हरवला, आणि तोही तुमसर रोडच्या पुढे गेला नव्हता. तो माणूस मी.

आमची एकुलती मुलगी मृणाल पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ती व्हीगन झाली. म्हणजे दूध, दही, तूप, मध सगळं बंद. (आम्हाला वाटलं उपास असेल, सुटेल!) यंदा तिने आम्हा नवराबायकोला रेल्वेने युरोप दाखवायचं ठरवलं. मग काय, महिनाभर आमच्या भंडाऱ्याच्या घरात सतरंजीवर नकाशा! मी पालथा पडून त्यावर बोटाने गाडी चालवायचो. बर्फाचे डोंगर, खाली निळं तळं आणि खिडकीत शाल पांघरलेला मी.

मृणाल सुट्टीवर घरी आली, त्याच दिवशी बोट इटलीत शिरलं आणि मी बोलून गेलो, "इथलं चीज लय भारी असते म्हणते!"

मृणालने माझं बोट नकाशावरून उचललं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघंच जा. माझ्या खाण्यापायी तुमची मजा जाईल."

"खा आता चीज!" बायको म्हणाली.

मी छातीवर हात ठेवला. "बेटा, तुह्या डब्याची जिम्मेदारी माही! अन् झुरिकले सहा मिनिटांत गाडी बदलाची हाये ना? त्याचीबी तालीम करून घेऊ!"

ठरलं. रविवारी भंडारा रोडहून तुमसर रोड, तिथे सहा मिनिटांत गाडी बदलून तिरोडी. तुमसर रोड म्हणजे झुरिक!

सकाळी बायकोने पोळ्या लाटल्या, मी भाजल्या आणि डबा भरला. हात तव्यापाशी, मन आल्प्समध्ये.

तुमसर रोड येताच मी ओरडलो, "झुरिक! उतरा!" (गोंदियाला निघालेल्या दोन म्हाताऱ्याही घाबरून उभ्या राहिल्या.) डब्याची पिशवी छातीशी धरून मी पूल चढलो, उतरलो आणि समोरच्या गाडीत उडी मारली. चार मिनिटं! गाडी सुटलीसुद्धा. मायलेकी मागच्या डब्यात चढल्या असतील, म्हणून मी खिडकी पकडली.

बाहेर पिवळं धान डुलत होतं. तळ्यात बगळे उभे होते. माझे डोळे अर्धे मिटले आणि बगळ्यांचे हंस झाले. एक तळं मघाशीच पाहिल्यासारखं वाटलं. पण युरोपात एका देशातून दुसऱ्यात गेलेलं कळतही नाही म्हणतात, ते हेच असावं!

फोन वाजला.

"अजी, कुठी आहा?" बायको.

"गाडीत! तुम्ही कोणत्या डब्यात आहा?"

"आम्ही फलाटावर! तिरोडीची गाडी आमच्यासमोर उभी हाये. तुम्ही परत भंडाऱ्याले जाऊन राहिले!"

"अन् मृणाल?"

"उपाशी! डबा तुमच्यापाशी हाये ना!"

हंसांचे पुन्हा बगळे झाले. पोरीला शब्द दिला होता, आणि पहिल्याच दिवशी तिचा घास घेऊन मी पळालो होतो!

भंडारा रोडला उतरून मी मृणालला फोन केला. "बेटा, थांब. पुढच्या गाडीनं डबा घेऊन येतो."

"राहू द्या बाबा. आलूबोंडा भेटला, बिनदुधाचा चहाबी भेटला. आम्ही वापस येऊन राहिलो. तुम्ही जेवून घ्या."

बाकावर बसून डबा उघडला. ओळखीचा, खमंग वास आला. तूप! आठही पोळ्यांना, अगदी कडेपर्यंत! मी स्वप्नात असताना हाताने तीस वर्षांची सवय पाळली होती. म्हणजे योग्य गाडीत बसलो असतो, तर मोठाच घात झाला असता!

मी इकडेतिकडे पाहिलं. पुरावा नष्ट करायचा एकच मार्ग होता. पाचव्या पोळीला डोळे जड झाले. सातवीला आल्प्स पुन्हा दिसू लागले.

मायलेकी परतल्या. मृणालने डबा हलवून पाहिला. "सगळा संपवला? बाबा, माझं बिनतुपाचं जेवण इतकं आवडलं तुम्हाले?" तिचे डोळे भरून आले. "मग मी येते युरोपले!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण ढेकर आला.

आता विमानाच्या तिकिटावर माझ्या नावापुढेही 'व्हीगन' लिहिलंय. बायकोने घरी येऊन तुपाची अर्धी झालेली बरणी पाहिली. तेव्हापासून ती नुसती हसते. व्हीगन व्हायला लोकांना विचार लागतो, निश्चय लागतो. मला आठ पोळ्या लागल्या. तुपाच्या!