पार्सल मागं जाईना

माझ्या चष्म्याच्या दुकानात एक ड्रॉवर आहे. दुरुस्तीला टाकलेले आणि परत न्यायला कुणी न आलेले चष्मे त्यात साठलेत. फेकवत नाहीत आणि दुसऱ्याला द्यावेत तर नंबर जुळत नाही. आमच्या गोल्फच्या किश्श्यांचं तसंच झालंय. न खेळणाऱ्याला सांगावेत तर तो म्हणतो, "साताऱ्यात गोल्फ? काय सांगता!" आणि खेळणाऱ्याला सांगावेत तर तो लगेच उठून स्वतःचा स्विंग दाखवायला लागतो. तुम्ही आज निवांत बसला आहात, तर ऐका.

आम्ही चौघं. सुभेदार जगताप फौजेत असताना गोल्फच्या मैदानाची देखभाल बघायचे. तिथेच खेळ शिकले आणि निवृत्त झाल्यावर जुन्या काठ्यांची पिशवी घेऊन गावी आले. तानाजीराव मूळचे कवठे महांकाळचे, साताऱ्यात त्यांचं मिसळीचं हॉटेल आहे. रफिकभाई शिकलगार एमआयडीसीत लेथवर टर्नर. चौथा मी. मैदान म्हणजे सुभेदारांच्या घरामागचं माळरान आणि चेंडू पाडायला त्यात पुरलेले पत्र्याचे चार डबे.

*

पहिल्याच दिवशी सुभेदारांनी आम्हाला बजावलं, "काठी मागं न्यायची सुरवात, पयला हातभर, त्याला टेकअवे म्हणत्यात. सगळा खेळ त्या टेकअवेत हाय. ते बिघडलं की चेंडू सरळ जायचा न्हाई."

तानाजीरावांचा चेहरा उजळला. "आवं, ह्ये तर आमच्या हाटेलात रोज असतंय! टेकअवे मंजी पार्सल की!"

सुभेदारांनी कपाळाला हात लावला, पण शब्द चिकटला तो चिकटलाच. कुणाची काठी पायाकडे ओढली गेली की "पार्सल आत गेलं", घाईने उचलली गेली की "पार्सल लय वर गेलं". पंधरा दिवसांनी सुभेदारसुद्धा तसंच बोलायला लागले.

*

या शब्दाने मी एकदा गोत्यात येणार होतो. दुकानात एक पोलीस हवालदार चष्म्याची वाट बघत बसले होते. तेवढ्यात रफिकभाईंचा फोन आला. आवाज कमी-जास्त येत होता, म्हणून मी मोठ्याने बोलत होतो. "कालचं पार्सल आत गेलं ना? मग आज बाहेरून काढा. सावकाश. आणि सुभेदारांना कळू देऊ नका!"

फोन ठेवला तर हवालदार उठून काउंटरला टेकले होते. "कसलं पार्सल?"

गोल्फ म्हणालो तर ते आणखीच रोखून बघायला लागले. शेवटी मी कोपऱ्यातली छत्री घेतली, पाय रोवले आणि म्हणालो, "हे बघा साहेब, असं मागे न्यायचं." आणि नेलं! मागे गिऱ्हाइकांना तोंड बघायला लावलेला आरसा होता, तो खळ्ळकन खाली आला.

हवालदारांनी काचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपी घातली. "बरं, चालू द्या. पण पार्सल फुटलं तुमचं."

*

रफिकभाई आमच्यात सगळ्यांत नंतर आले आणि सगळ्यांच्या पुढे गेले. लेथवरच्या माणसाला 'साधारण असंच' हा शब्द चालत नाही. ते काठीवर अंगठा कुठे बसतो तिथे पेनाने रेघ मारायचे, पंधरा चेंडू मारायचे, मग अंगठा एक सूत उजवीकडे सरकवून पुन्हा पंधरा. वहीत प्रत्येक पकडीचं चित्र असायचं. आम्हालाही ते "भाऊ, डावा हात जरा वरून घ्या" असं हळूच सांगायचे आणि माझा जन्मभर उजवीकडे पळणारा चेंडू नाकासमोर जायचा. मला त्याचा आनंद व्हायचा आणि खरं सांगतो, थोडा रागही यायचा.

घरीही तेच चालायचं. एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर हे स्वयंपाकघराच्या दारात लाटणं धरून उभे. आत शमीमभाभी पोळपाट पुढ्यात घेऊन बसलेल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमीच सांगा ह्यांना. पीठ मळून अर्धा तास झालाय. ह्यांचं पार्सल सुटंना, आणि माझ्या चपात्या अडकल्यात!"

*

मग हसण्यासारखं फारसं राहिलं नाही. रफिकभाईंचा कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि पंचेचाळीशी ओलांडलेल्या टर्नरला नवीन काम कुणी देईना. त्याच सुमारास कराडजवळच्या एका नव्या गोल्फ मैदानावर शिकवायला माणूस हवा असल्याचं कळलं. चाचणी अशी की मैदानाच्या प्रमुखांसमोर दहा चेंडू मारायचे, त्यातले सात खुणेच्या आत पडले पाहिजेत. आम्ही रफिकभाईंना म्हणालो, "नोकरी तुमचीच!" दहातले नऊ तर ते डोळे झाकून टाकायचे.

आम्ही हे बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची काठी मागेच जाईना. चेंडूसमोर उभे राहायचे, हात बसवायचे आणि तसेच थिजायचे. दहा सेकंद. वीस. मनगटाच्या शिरा टरारून वर यायच्या, कपाळावरून घाम गळायचा आणि काठी तसूभर हलायची नाही. बघताना आपलाच श्वास अडकायचा. शेवटी ते काठी खाली टाकून लांब जाऊन उभे राहायचे.

तानाजीरावांनी एकदा धीर द्यायला म्हटलं, "गड्या, इचार करू नगंस. डोळं मिट आन् वड मागं."

"वडायला हात माझं ऐकाय पायजेत न्हवं," रफिकभाई म्हणाले.

*

सुभेदारांनी मात्र हार मानली नाही. "हुकूम मिळाला की हात आपोआप चालत्यात. फौजेत असंच असतंय." त्यांनी रफिकभाईंना चेंडूसमोर उभं केलं, स्वतः दहा पावलं मागे गेले आणि छाती फुगवून ओरडले, "पीछे... मुड!"

रफिकभाई जागचे हलले नाहीत. पण कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून फिरायला निघालेले दोन निवृत्त जवान गर्रकन उलटे फिरले आणि आले तसे घराकडे चालू पडले!

आम्ही पोट धरधरून हसलो. रफिकभाईपण हसले आणि त्या हसण्यात त्यांची काठी एकदाची मागे गेली. चेंडू थेट डब्याजवळ पडला. पुढच्या चेंडूला हात पुन्हा थिजले. आमचं हसू जागच्या जागी विरलं.

*

चाचणीच्या आदल्या दिवशी शमीमभाभी रफिकभाईंना घेऊन दुकानात आल्या. "भाऊ, ह्यांचे डोळे तपासा. चेंडू नीट दिसत नसंल, म्हणून हात अडकत असतील. तेवीस वरसं लेथवर ह्यांचा हात कवा थरथरला न्हाई. आता घरात बोलत न्हाईत, जेवत न्हाईत."

मी तपासले. उलटसुलट भिंगं घालून दोनदा तपासले. अगदी खालची बारीक ओळसुद्धा रफिकभाईंनी घडाघडा वाचली. भाभी माझ्या तोंडाकडे आशेने बघत होत्या. एखाद्याचे डोळे चांगले निघाल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

*

कराडला आम्ही तिघंही बरोबर गेलो. मैदानाचे प्रमुख एक निवृत्त कर्नल, कमी बोलणारे. त्यांना बघताच आमचे सुभेदार ताठ झाले. रफिकभाईंच्या आधी पाच जण होते, त्यातले दोघं विशीतले, महागड्या काठ्या घेऊन आलेले. आम्हाला दोरीबाहेर उभं केलं आणि आवाज करायचा नाही म्हणून सांगितलं. सुभेदारांना तर मी एसटीतच शपथ घातली होती.

रफिकभाईंचा पहिला चेंडू खुणेच्या आत. दुसरा आत. तिसराही. मी हळूच श्वास सोडला. चौथ्याला त्यांनी हात बसवले आणि थिजले.

मी मनात आकडे मोजायला लागलो. वीस झाले. तीस झाले. तानाजीरावांनी रुमाल दातांत धरला होता. सुभेदारांचे ओठ हलत होते, म्हणून मी त्यांचा दंड घट्ट पकडला. चाळीस. त्या विशीतल्या पोरांतला एक फिसकन हसला. मला वाटलं, आत जावं आणि या माणसाला हाताला धरून घरी न्यावं.

कर्नलसाहेब चालत रफिकभाईंजवळ आले. "राहू द्या आता. काठी द्या इकडे." त्यांनी हातमोजा घातलेला डावा हात पुढे केला.

रफिकभाईंनी काठी दिली नाही. ते त्या मोज्याकडे बघत राहिले. "साहेब, हा मोजा दर वेळी इथंच फाटतो का? तळव्याच्या खाली?"

कर्नलसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. "दर महिन्याला एक फाटतो. का?"

"लेथवर आयुष्य गेलं, साहेब. जिथं झीज, तिथं पकड चुकलेली असती. तुमी काठी तळव्यात धरताय. मागं जाताना ती हातात फिरती आन् मग तुमी ती आवळताय. बोटांत घ्या. अंगठा एक सूत उजवीकडं."

साहेबांनी हात वळवून मोजा बघितला. मग स्वतःच काठी घेतली आणि त्याच चौथ्या चेंडूसमोर उभे राहिले. रफिकभाईंनी त्यांची बोटं एकेक करून बसवली. काठी मागे गेली, खाली आली, आणि चेंडू खुणेच्या मधोमध जाऊन पडला. साहेबांनी पाचवा चेंडू ओढून घेतला. मग सहावा.

"मनगट नको, साहेब. खांद्यानं न्या," रफिकभाई त्यांच्या कोपराशी उभे राहून सांगत होते.

ऑफिसातल्या बाई कागद घेऊन बराच वेळ ताटकळल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सर, यांच्यापुढे किती मार्क लिहू? यांचे तीनच चेंडू झालेत."

कर्नलसाहेबांनी मान वर केली नाही. सातवा चेंडू समोर होता.

"मार्क राहू द्या. यांच्या पहिल्या बॅचमध्ये माझं नाव घाला."