कुसुममावशीचा सीन

कुसुममावशी चहा ओतण्याआधी प्रत्येक कप खिडकीच्या उजेडाकडे धरायची. कुठं तडा गेलाय का हे बघायची आणि मगच खाली ठेवायची. दुसऱ्यांच्या घरी गेली तरी तेच. माझ्या आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मावशी शांतपणे म्हणायची, "आधी बघितल्यालं बरं. मागनं कुरकुर करायला नको."

मावशी लग्न होऊन कराडकडून आकुर्डीला आली. तीन वर्षांत काका अपघातात गेले आणि ती एका कंपनीत लागली. लहान मोटारींसाठी मशीनवर तांब्याची तार गुंडाळायचं काम. अठरा वर्षं केलं. कंपनी बंद पडल्यावर ती डबे करून देऊ लागली. मी ताथवड्याला इंजिनीअरिंगला होते तेव्हा दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचे. कंपनीचा विषय काढला की, "बंद पडली. पडायचीच व्हती," एवढं बोलून ती पोळी उलटायची.

मी तिसऱ्या वर्षाला असताना एक मराठी सिनेमा आला. बंद पडणाऱ्या कारखान्यातल्या बायकांचा. मी तो तीनदा पाहिला. त्यात शेवटच्या दिवशी गेटवर नोटीस लागते, पण कुणी ओरडत नाही. नायिका परत आत जाते, चिंधी घेते आणि आपलं मशीन सावकाश पुसते. मग बाकीच्या बायकाही आपापलं मशीन पुसायला लागतात. तिन्ही वेळा मी तिथं रडले होते. मावशीला हे दाखवलंच पाहिजे म्हणून एका रविवारी लॅपटॉप घेऊन गेले.

मावशी मटार सोलत बघत होती. तो प्रसंग आला. पडद्यावर फक्त हात दिसत होते. डावा तळवा मशीनवर टेकलेला, उजव्या हातात चिंधी. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. मी सिनेमा थांबवला आणि मावशीच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"माझेच हायत," ती म्हणाली. मटार सोलायची थांबली नाही.

मग मी पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठं सगळं कळलं. शूटिंग चिंचवडच्या एका बंद शेडमध्ये होतं. गर्दीसाठी बचतगटाच्या चाळीस बायका नेल्या होत्या, त्यांत ही. कागदावर लिहिलं होतं की बायका गेट बडवतात आणि छाती पिटून रडतात. सगळ्या रडायला लागल्या. ही नुसती उभी.

दिग्दर्शकाचा मदतनीस धावत आला. "मावशी, रडा ना! तुमच्यामुळं शॉट बिघडतोय."

"आमी रडलो नव्हतो."

"अहो, हा सिनेमा आहे. जमत नसेल तर बाजूला व्हा."

"मग मी निघते," म्हणत तिनं पिशवी उचलली. बरोबरच्या बायका घाबरल्या. हिच्या हट्टापायी आपल्या सगळ्यांनाच घरी पाठवतील असं त्यांना वाटलं. गेटपाशी तिला दिग्दर्शकानं गाठलं. तरुणच होता. त्यानं विचारलं, "रडला नाहीत, मग काय केलंत त्या दिवशी?"

"मशीन पुसलं. शिफ्ट सुटताना रोज पुसायचो तसं. उद्या कुणी उघडून बघितलं तर बायका घाण टाकून गेल्या म्हणायला नको."

मग त्यानं त्या दिवसाचं काम थांबवलं आणि रात्रीतून तो प्रसंग नव्यानं लिहिला. दुसऱ्या दिवशी मावशी नायिकेला पुसायला शिकवत होती. "पण तिची बोटं लई मऊ," मावशी मला म्हणाली. "तार कधी धरलीच न्हाई त्या पोरीनं. मग म्हणाले, हात तुमचेच घेऊ."

"आणि तू आम्हाला कुणालाच सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? काम व्हतं, केलं."

शेवटी नावं येतात, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. 'विशेष आभार' खाली सोळा बायका. शालन, मंगल, रझिया, दोन सुनंदा... मावशीबरोबर कंपनीत एका लाइनवर काम केलेल्या. तुमचं नाव काय द्यायचं, असं दिग्दर्शकानं विचारल्यावर तिनं ही यादी लिहून दिली होती.

"यात तुझं नाव कुठाय?"

मावशी एकदम ओशाळली. "सगळ्यांची आडनावं आठवण्याच्या नादात माझं ऱ्हाऊनच गेलं बघ."

मावशी गेल्या वर्षी गेली. मी तोवर चाकणला नोकरीला लागले होते. तेराव्याला शालनताई आल्या. त्यांच्याकडून कळलं की सिनेमा लागला त्याच आठवड्यात मावशीनं फोन करकरून सगळ्यांना गोळा केलं होतं. सोळापैकी अकरा जणी आल्या, दुपारच्या खेळाला.

"सिनेमा संपला, लोक उठून चालले," शालनताई सांगत होत्या. "आमच्यातल्या चौघींना वाचता येत न्हाई. म्हणून कुसुम उभी राहिली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचाय लागली. झाडायला आलेला माणूस पण थांबला. नावं भराभर वर चालली व्हती. शेवटची चार पडद्यावरनं निघून गेली, तरी तिनं ती म्हटली."